आमची माहिती की आपली?

ञा ब्लासिदाचा आवाज आधी यायचा, मग ती. आमच्याकडे वय झालेल्या बाईच्या नावाआधी ‘ञा’ लावतात, पण ब्लासिदाला लोक तिशीतच ञा म्हणायला लागले होते, ते त्या आवाजामुळे. गावातल्या रेडिओवर पहाटेचे निरोप वाचायचं काम ती लग्नाच्या आधीपासून करत आली. नदीपलीकडे, जिथे अजूनही झाडावर चढल्याशिवाय फोन लागत नाही, तिथल्यांसाठी हे निरोप. लोक स्टेशनवर यायचे आणि पानभर मजकूर लिहून द्यायचे, तोही स्पॅनिशमध्ये, कारण लिहायचं म्हटलं की पॅराग्वेच्या माणसाला शाळाच आठवते. ब्लासिदा तो मजकूर ग्वारानीत, आमच्या घराघरात बोलतात त्या भाषेत, एका श्वासात सांगून मोकळी. ‘आमचे परमप्रिय काका एलादियो यांची प्रकृती चिंताजनक असून सर्व आप्तांनी सत्वर उपस्थित राहणे इष्ट ठरेल’ याचं ती करायची, ‘एलादियोकाका चालले. यायचं तर आज या.’ कुणी कुरकुर केलीच तर म्हणायची, “तुमचे काका तुमच्या वाक्याच्या शेवटापर्यंत टिकायला नकोत का?”

नवरा बांधकामावर म्हणून ब्वेनोस आयरेसला गेला तो तिकडचाच झाला. तिने त्याच्यासाठी एकही निरोप वाचला नाही. मुलगा देर्लिस मोटारसायकली दुरुस्त करायचा. लांबलचक, लुकडा, हाताला सदा ग्रीस. त्याच्या दुकानात कुणीतरी आणून दिलेलं इंजिन चोरीचं निघालं आणि पोलिसांनी इंजिनाबरोबर त्यालाही उचललं. खटला उभा राहायचा होता. तो कधी उभा राहणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तोवर देर्लिस शहराबाहेरच्या तुरुंगात, ज्याला सगळे ‘मोठं घर’ म्हणतात.

पहिल्या भेटीला ब्लासिदा डबा घेऊन गेली. पहारेकऱ्याने डब्यातल्या कसाव्याच्या उकडलेल्या कंदात सळई खुपसून पाहिली, तेव्हा ती म्हणाली, “जरा हलक्या हाताने, कसावा आहे तो, कैदी नव्हे.” आत गेल्यावर देर्लिसने तिला भिंतीशी बसवलं. वर्दळीचा बोळ होता. माणसं पाय ओलांडून जात होती.

“इथे काय बसवलंस? तुझ्या खोलीत चल,” ती म्हणाली.

“खोलीतच आहेस, आई.”

“म्हणजे?”

“भेटीची वेळ संपली की हा बोळ माझी खोली. माझी आणि आणखी पुष्कळ जणांची.” तो हसत होता. “गुडघे पोटाशी घेऊन झोपतो. पाय लांब केले की कुणीतरी तुडवतं. काल एकाने माझ्यावर पाय दिला आणि वर मलाच म्हणाला, जरा बघून झोप.”

ब्लासिदा हसली नाही. त्याला खोकला झाला होता आणि तो खोकताना तोंड दुसरीकडे वळवत होता, हे तिने पाहिलं. खोलीत पलंग नाही, आणि पलंग विकत घ्यायची ऐपत नाही, अशांना तिथे ‘बोळकर’ म्हणतात. तिच्या पोराचं आडनाव बदललं होतं आणि तिला कुणी कळवलं नव्हतं.

बचावासाठी सरकारने नेमलेली वकील म्हणून देर्लिसला पेर्ला इन्स्फ्रान नावाची बाई मिळाली होती. चांगली बाई, पण तिच्या टेबलावरच्या फायलीसुद्धा एकमेकींच्या अंगावर झोपलेल्या. तिने जज्ज सामानिएगोंपुढे अर्ज टाकला, की ज्यांचा गुन्हा अजून शाबीत नाही त्यांना बोळात झोपवणं कायद्यात बसत नाही, त्यांची सोय करा. जज्जसाहेब स्वतः पाहणीला गेले. त्या दिवशी मोठ्या घराच्या संचालकांनी सगळ्या बोळकरांना अंगणात फुटबॉल खेळायला काढलं होतं. बोळ धुऊनपुसून चकचकीत. जज्जसाहेब काही दुधखुळे नव्हते, पण कागद कागदच.

“तुरुंग कचेरीचं पत्र माझ्यापुढे आहे, जागा पुरेशी आहे म्हणून,” ते पेर्लाला म्हणाले. “आईच्या सांगण्यावर मी हुकूम काढू शकत नाही. कचेरीनेच सही करून कबूल करू दे, मग बघा मी काय करतो ते.”

झालं. चोराने चोरीची पावती द्यावी, तेव्हा पोलिसांनी यावं! पण ब्लासिदाला त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं: मग बघा. सरकारकडची माहिती कुणीही मागावी, कारण सांगायची गरज नाही, असा कायदा आपल्याकडे आहे हे तिला रेडिओमुळे ठाऊक होतं. त्याची जाहिरात तिनेच शेकडो वेळा वाचली होती. आता तिने तो कायदा वापरायचं ठरवलं.

तुरुंग कचेरीतल्या माहितीच्या खिडकीमागे अरेवालोस नावाचे गृहस्थ बसायचे. सभ्य मनुष्य. शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून मानसुद्धा बेताने वळवायचे. ब्लासिदाने स्पॅनिशमध्ये रीतसर विचारलं: मोठ्या घरात किती माणसांची सोय आहे, किती माणसं आहेत, ती कुठे झोपतात? उत्तर आलं, मुदतीत आलं, शिक्क्यासह आलं:

‘सदर आस्थापनेची निवासक्षमता, परिसंचरण-क्षेत्रांच्या कार्यात्मक विस्तारणाद्वारे, प्रचलित आवश्यकतांच्या संदर्भात पर्याप्त असल्याचे निर्धारित करण्यात आले आहे.’

तिने पुन्हा विचारलं, गर्दी आहे की नाही? उत्तर: ‘गर्दी ही संज्ञा आस्थापनेच्या परिभाषेत अंतर्भूत नसल्याने तत्संबंधी माहिती उपलब्ध नाही.’

हे दुसरं पत्र पिशवीत घेऊनच ती पुढच्या रविवारी भेटीच्या रांगेत उभी राहिली. ऊन असं, की तेरेरेतला, आमच्या त्या थंड काढ्यातला, बर्फ पेल्यात पडताच पाणी. बरोबर तिची कोमाद्रे ओब्दुलिया होती, देर्लिसला चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरणारी. तिचा स्वतःचा भाऊ आत होता. ब्लासिदा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पत्र वाचत होती, तेवढ्यात रांगेतल्या एका म्हातारीने, जिला स्पॅनिशचं अक्षर कळत नव्हतं, तिची बाही ओढली.

“बाई, तुम्ही रेडिओवाल्या ना? मग आम्हाला कळेल असं सांगा की. काय म्हणतायत सरकार?”

ब्लासिदाने तोंड उघडलं. सगळा जन्म तिने हेच केलं होतं, त्यांचं स्पॅनिश घ्यायचं आणि यांच्या ग्वारानीत ओतायचं. तिने पत्र पुन्हा वाचलं. आणखी एकदा वाचलं. तोंड उघडंच राहिलं.

“काय झालं गं?” ओब्दुलिया म्हणाली. “दातात चिपाचा पाव अडकला?”

“कोमाद्रे, यात काहीच नाहीये.”

“काहीच कसं नाही? एवढं मोठं पान भरलंय.”

“भरलंय, पण सोललं तर आत दाणा नाही. ‘कार्यात्मक विस्तारण’ याला ग्वारानीत काय म्हणशील?”

ओब्दुलियाने थोडा विचार केला. “माझ्या नवऱ्याचं पोट.”

सगळी रांग हसली, पहारेकरीही हसला. म्हातारी मात्र हसली नाही. “म्हणजे त्यांना विचारलंत तुम्ही त्यांच्या भाषेत,” ती म्हणाली. “मग ते लपणारच. आपल्या घरात कुठे लपायचं ते ज्याला त्याला ठाऊक असतं.”

सोमवारी सकाळी ब्लासिदा खिडकीवर हजर. या वेळचा अर्ज ग्वारानीत. दोन्ही भाषा सरकारी आहेत, नोटांवर दोन्ही असतात, राष्ट्रगीतही दोन्हीत म्हणतात. पण त्या खिडकीत ग्वारानीतला अर्ज आजवर कुणी आणला नव्हता. अरेवालोसनी तो असा धरला, जणू ओल्या लंगोटाचं टोक धरलंय.

“ञा ब्लासिदा, तुम्हाला उत्तम स्पॅनिश येतं.”

“येतं की. आत्ता तुमच्याशी बोलायला तेच वापरतेय ना?”

“मग हे कशासाठी?”

“मला ते बोलायला येतं. तुमचं ऐकायला येत नाही.”

“पण आमच्याकडे ग्वारानीत उत्तर लिहिणारं कुणी नाही.”

“घरी बायकोशी कशात भांडता, अरेवालोससाहेब?”

ग्वारानीतच भांडत असणार. सगळेच भांडतात. अरेवालोसनी शिक्का मारला.

अर्जात प्रश्न थोडेच होते. किती जणांना पाठ टेकता येईल अशी जागा आहे? किती जण आहेत? उरलेले कुठे झोपतात? आणि शेवटी, निव्वळ चिडून घातलेला एक: कुठली खोली रिकामी आहे का?

कचेरीला भाषांतरकार शोधावा लागला. त्यांनी निमिया रोलोन या शाळामास्तरणीला बोलावलं, शाळेत ग्वारानी शिकवायची. संचालकांनी स्पॅनिशमध्ये नकार लिहिला: ही माहिती सुरक्षेशी निगडित असून ती आमची अंतर्गत माहिती आहे, देता येणार नाही. निमियाने पेन उचललं आणि तिथेच अडली. कारण स्पॅनिशमध्ये ‘आमची’ आणि ‘आपली’ एकच. ‘नुएस्त्रा’ म्हटलं की काम भागतं, कोण आत आणि कोण बाहेर हे सांगावं लागत नाही. ग्वारानीत तशी पळवाट नाही. ‘ओरे’ म्हणजे आम्ही, तुम्ही नाही. ‘ञांदे’ म्हणजे आपण, तुम्हीसुद्धा. बोलणाऱ्याला प्रत्येक वेळी दार उघडावं तरी लागतं नाही तर लावावं तरी.

तिने संचालकांना विचारलं, “साहेब, यातली ‘आमची’ म्हणजे कोणती? ओरे की ञांदे?”

“आमची म्हणजे आमची!” संचालक म्हणाले. “आणखी कुणाची असणार?”

तिने लिहिलं, ओरे.

ते पत्र ब्लासिदाने दुसऱ्या दिवशी पहाटे निरोपांमध्ये वाचलं. एक काका वारले, एक गाय व्याली, आणि मग: “मोठ्या घराच्या कचेरीकडून गावाला निरोप: तिथे किती माणसं आहेत ही माहिती आमची आहे. तुमची नाही.” बस. पुढे तिने गाणं लावलं.

दुपारच्या झोपेआधी सगळ्या गावाला तोंडपाठ. बाजारात टरबूजवाली गिऱ्हाइकाला हात लावू देईना, “टरबूज आमचं आहे, ओरे!” बसचा कंडक्टर सुटे पैसे खिशात टाकून म्हणायचा, “ओरे!” पाद्रीबाबांनी दानपेटी फिरवली तर मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच तेच. संचालकांची स्वतःची मुलगी शाळेतून रडत घरी आली म्हणतात. त्याचं वाईट वाटलं, पोरीचा काय दोष! पण बापाला कळायला हवं होतं.

रेडिओचा मालक ब्लासिदाला म्हणाला, “बाई, जरा दमाने. मला जाहिराती मिळतात सरकारी.”

“मी काय केलं? निरोप वाचला. लांबसुद्धा केला नाही.”

पेर्लाला आता हवं ते हाती लागलं होतं. सरळ नकार, सहीनिशी. मोघम ‘जागा पुरेशी आहे’ म्हणणाऱ्या पत्राविरुद्ध कोर्टात जाता येत नव्हतं, पण ‘देत नाही’ म्हणणाऱ्याविरुद्ध येतं. ती ब्लासिदाच्या नावाने सामानिएगोंच्याच कोर्टात गेली.

सुनावणीला खोली भरली. पंखा होता, पण तो वारा फक्त जज्जसाहेबांना द्यायचा. कचेरीचा वकील राजधानीतून आला होता, बूट असे की त्यात खोलीचं छत दिसावं. त्याने उठून सांगितलं, की हा सारा भाषांतराचा घोटाळा आहे. “साहेब, कचेरीच्या मनात असा अर्थ नव्हता. एका शाळाशिक्षिकेच्या चुकीमुळे कचेरीची नाहक थट्टा झाली आहे.”

सगळ्यांच्या माना निमियाकडे. तिला पुढच्या वर्षी कचेरीचं आणखी काम मिळणार होतं, तसा शब्द होता. ब्लासिदाने तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, आता हे आपल्या हातात नाही. ही बाई ‘हो, चुकले’ म्हणाली की संपलं. पुन्हा स्पॅनिश, पुन्हा विस्तारण, आणि देर्लिस बोळात पाय पोटाशी घेऊन.

“तुमची चूक झाली का?” जज्जसाहेबांनी विचारलं.

निमिया उभी राहिली. वर्गात लागतो तो तिचा आवाज आपोआप लागला. “नाही, साहेब. मी विचारलं होतं. संचालकसाहेब म्हणाले, आमची म्हणजे आमची, आणखी कुणाची असणार. तिथे आणखी दोघं जण होते, त्यांनीही ऐकलं.”

मागून कुणीतरी “ओरे!” म्हटलं आणि खोली फुटली. जज्जसाहेबांनी टेबलावर हात आपटला, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

“वकीलसाहेब,” ते म्हणाले, “समजा शिक्षिका चुकली. मग बरोबर शब्द कोणता?”

“साहेब, अर्थातच कचेरी सर्व नागरिकांची आहे. तेव्हा बरोबर शब्द... ञांदे.”

“म्हणजे ही माहिती आपली. तुमची, माझी, या बाईंची.”

“तसं... हो, साहेब.”

“मग द्या की बाईंना त्यांची वस्तू.”

‘ओरे’ म्हणावं तर कायदा मोडला, ‘ञांदे’ म्हणावं तर माहिती गेली. तिसरा शब्द आपल्या भाषेत नाही, आणि तो कुणी राजधानीहून आणू शकत नाही. जज्जसाहेबांनी हुकूम दिला: सगळ्या प्रश्नांची उत्तरं, ग्वारानीत, भाषांतर याच बाई करतील.

बाहेर व्हरांड्यात ब्लासिदाने निमियाला मिठी मारली, ती जवळजवळ गुदमरेपर्यंत. “पोरी, तुझं काम गेलं.”

“जाऊ दे, ञा ब्लासिदा. त्यांचं स्पॅनिश वाचून माझं डोकं दुखायचं.”

उत्तर आलं तेव्हा ब्लासिदाने ते आधी एकटीने वाचलं, स्टेशनच्या पायरीवर बसून. मग आत जाऊन माइकपुढे वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक शब्दही कमी केला नाही. कापण्यासारखं काही नव्हतंच. ‘पर्याप्त निवासक्षमता’ आता म्हणत होती, की एकाने पाठ टेकायची तिथे तिघं टेकतात. ‘परिसंचरण-क्षेत्रांचं कार्यात्मक विस्तारण’ म्हणत होतं, की चालायच्या जागी माणसं झोपवली आहेत, आणि ज्यांना तिथेही जागा नाही ती आळीपाळीने उभी राहतात. आणि शेवटचा, चिडून विचारलेला प्रश्न! त्याचं स्पॅनिश होतं ‘नवीन विभाग, कार्यान्वयनाच्या प्रतीक्षेत’. निमियाने लिहिलं होतं: ‘मागच्या अंगणात नवी इमारत आहे. पलंग आहेत, गाद्या आहेत, नळाला पाणी आहे. बाहेरून कुलूप आहे, कारण फीत कापायला राजधानीतून मोठा माणूस यायचा आहे आणि त्याला अजून सवड झालेली नाही.’

देर्लिसने नंतर सांगितलं, की मोठ्या घरात त्या पहाटे बोळकरांच्या उशाशी तीन-चार रेडिओ चालू होते. मग कुणीतरी पत्र्याची थाळी भिंतीवर आपटली. मग दुसऱ्याने. मग सगळ्या घराने. पहारेकऱ्यांनी दमदाटी केली नाही. त्यांना त्या कुलपाची गोष्ट कधीचीच ठाऊक होती आणि ती पोटात ठेवून तेही कंटाळले होते.

पेर्ला ते उत्तर घेऊन जज्जसाहेबांपुढे गेली तेव्हा वादाला काही उरलंच नव्हतं. सही संचालकांची, शिक्का कचेरीचा. सामानिएगोंनी हुकूम काढला: बोळात कुणीही झोपणार नाही; किरकोळ गुन्ह्यांत अडकलेल्या म्हाताऱ्या आणि आजारी माणसांनी घरी जावं आणि आठवड्याला येऊन सही करावी; बाकीच्यांसाठी नवी इमारत ताबडतोब उघडावी. फीत असली तर पहारेकऱ्याने कापावी. हे शेवटचं वाक्य हुकुमात खरोखर लिहिलेलं होतं, पेर्लाने ते चारदा वाचून पाहिलं. ओब्दुलियाचा भाऊ घरी आला, दम्याने वाकलेला, आणि आल्या आल्या त्याने तिच्या जेवणाला नावं ठेवली. त्यावरून ती त्याला बोलली आणि मग मागल्या दारी जाऊन रडली. देर्लिसचा खटला मात्र अजून उभा राहिला नव्हता. तो सुटला नाही. सगळं एका दिवसात होत असतं तर मग काय!

रविवारी ब्लासिदा ओब्दुलियाला घेऊन नव्या इमारतीत शिरली. रंगाचा वास अजून जाईना. ओळीने पलंग, आणि एकावर देर्लिस बसलेला, पाहुण्यासारखा, कडेला.

“असा काय बसतोस? आडवा हो.”

“आई, भेटीची वेळ आहे. जेवू दे.”

“जेवण पळून जात नाही. आडवा हो म्हणते ना!”

तो आडवा झाला. गुडघे सवयीने वर घेतले.

“पाय लांब कर.”

त्याने केले, थोडे.

“आणखी. घाबरतोस कुणाला? कुणी तुडवत नाही.”

देर्लिसने पाय पूर्ण ताणले. गुडघे कडकड वाजले. पावलं पलंगाच्या टोकावरून सरळ बाहेर गेली, टाचा हवेत. ब्लासिदाने टोकाशी जाऊन त्या टाचा दोन्ही हातांत धरल्या. ओब्दुलियाने आपलं तोंड खिडकीकडे वळवलं. शेजारच्या पलंगावरचा बाप्या उगाचच उशी झटकायला लागला.

मग ब्लासिदाने टाचा सोडल्या, पलंगाची लांबी डोळ्यांनी मोजली आणि खोलीभर घुमेल अशा आवाजात म्हणाली, “कोमाद्रे, हे पलंग मागवताना कुणाचं माप घेतलं होतं, ही माहिती कुठल्या खिडकीवर मिळते?”

“आई, नको!” देर्लिस ओरडला. पण त्याने पाय वर घेतले नाहीत.